चौथीला नको म्हणून सांग

चिमे,

घर रिकामं बघून घाबरू नकोस. छकुलीला सांभाळायला बाई मिळाली! एजन्सीची चौथी बाई संध्याकाळी येणार आहे ना, तिला आधी फोन करून नको म्हणून सांग. मग चहा घे.

सकाळी इंजेक्शनला गेलो होतो, तिथेच भेटली. तुझ्या लेकीने दवाखाना डोक्यावर घेतला होता. ही शेजारी येऊन बसली. खुळखुळा नाही, लाडीगोडी नाही. आपल्या बुटाची नाडी सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची. कार्टी रडायची थांबली आणि नाडी धरायला थेट तिच्याकडे झेपावली!

मी तिथल्या तिथे विचारलं. ती आधी ज्या घरी होती तिथेही जाऊन आले. त्यांचा मुलगा आता हिच्यापेक्षा उंच झालाय, तरी त्याच्या आईला हिला सोडवत नव्हतं. कागदपत्रं तू तुझ्या पद्धतीने तपास, मी मध्ये बोलणार नाही.

आणि एजन्सीच्या तिघींना मी उगाच नावं ठेवली नव्हती. पहिली फार हसायची, दुसरी हसायचीच नाही. तिसरीचं आता आठवत नाही.

आम्ही तिघी खाली बागेत आहोत. दुपारभर छकुलीने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, लबाड!

माझं परतीचं तिकीट काढ म्हणून मी तुझ्या मागे लागले होते ना, ते एवढ्यात काढू नकोस. नव्या बाईला घर दाखवायला कुणीतरी हवंच.

आई