फट ठेवायची की बुजवायची

४ मार्च

बारीक शीळ! पहाटे अर्धवट झोपेत ऐकू आली. आईची. ती भाजी निवडत बसायची आणि आम्हा दोघा भावांकडून शाळेची कविता म्हणून घ्यायची —

साद घालते सांज सावळी,
सोबत्या, ये सत्वर दारी

— आणि दर 'स'ला तिच्या पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून शीळ निघायची. तीच फट माझ्या तोंडात, तीच धाकट्याच्या. गुरुजी म्हणत, "तुम्ही दोघं गप्प बसा रे, बाकीच्यांनाही थोडी कविता म्हणू द्या!"

आता माझं बोळकं झालंय. दात गेले, त्यांच्याबरोबर शीळ गेली. कविता अजून म्हणतो, पण सगळे 'स' ओल्या काडीसारखे — ओढले तरी पेटत नाहीत.

उद्यापासून दातांच्या कॉलेजात जायचं. तिथली शिकणारी मुलं कवळी करून देतात.

५ मार्च

तोंड ते केवढंसं, आणि त्याच्यासाठी चार मजली इमारत!

माझ्या वाट्याला आलेली डॉक्टरीणबाई शेवटच्या वर्षाची. किडकिडीत, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. मी तिची परीक्षेची केस. माझ्या हिरड्या चाचपून मैत्रिणीला म्हणाली, "अगं, काय सुंदर हिरड्या आहेत!" या वयात असं कोणी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

माप घ्यायला तोंडात गुलाबी लगदा भरला. घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही. मग मनातल्या मनात अख्खी कविता म्हटली. शेवटच्या कडव्याला लगदा निघाला. कवी हिशेबाने लिहीत असावेत.

१२ मार्च

सूनबाई म्हणाली, "बाबा, इस्त्रीचा सदरा? दवाखान्यात चाललाय की वर्गात?"

वर्गातच! आज डॉक्टरीणबाईला वेळ होता, तिने सगळे विभाग दाखवले. दातांची मुळं साफ करणारे वेगळे, हिरड्यांचे वेगळे. लहान मुलांच्या विभागात भिंतीवर मासे, आणि मासे बघूनही रडणारी मुलं. वाकडे दात सरळ करणाऱ्यांकडे रांग जिन्यापर्यंत. जबड्याची हाडं कापणारे, सांधणारे वरच्या मजल्यावर — त्यांची चालच निराळी, जरा छाती काढून. एका शांत खोलीत एक बाई सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेल्या. मी विचारलं, "काय दिसतं?" म्हणाल्या, "गालाच्या आतल्या कातडीचा तुकडा. बघा." जांभळा, गुलाबी! सूर्यास्तच जणू. माझ्या गालातही असा सूर्यास्त असणार, आणि मी जन्मभर बाहेरच बघत बसलो.

"तू पुढे यातलं काय घेणार?" मी विचारलं.

"सगळे म्हणतात, दात सरळ करायचं घे. मला अजून कळत नाही. दातांवरून माणूस ओळखायचंही एक शास्त्र आहे, आजोबा. आगीत काही उरलं नाही तरी दात उरतात, त्यावरून नाव सापडतं."

"आणि माझ्यासारखा बिनदाताचा?"

"त्याची पंचाईतच!" हसली.

१९ मार्च

आज मेणाच्या कच्च्या कवळीत दात बसवून तोंडात घातले. मी आरशात बघितलं. एकसारखे, पांढरेशुभ्र, कवायतीला उभे केलेले. कोण हा गृहस्थ? मी म्हटलं, "बाळ, माझ्या दातांत फट होती. इथं. अगदी मध्ये."

तिने चिमटीने एक दात जरासा हलवला. मी 'साद' म्हटलं. काहीतरी पेटलं!

तेवढ्यात त्यांच्या विभागाचे मोठे सर मागे उभे. "हे काय?"

"सर, पेशंटची फट होती."

"परीक्षकांना काय दिसणार? यांची फट, की तुला दात लावता येत नाहीत ते? फोटो आण, नाहीतर बुजव."

फोटो! आमच्या काळी फोटोत हसायचं नसे. माझे सगळे फोटो ओठ मिटलेले, लग्नाचासुद्धा.

२० मार्च

झोप नाही. सकाळी जाऊन सांगितलं, "बुजव गं. माझ्या शिटीपायी तू नापास नको व्हायला."

ती म्हणे, "तुमची फट बघितलेलं कोणीच नाही?"

बघितलेली माणसं गेली. राहिला एक धाकटा. आई गेली तेव्हापासून आमचं बोलणं नाही. भांडण असं नाहीच. तिच्यानंतर कोणी कोणाकडे आधी यायचं, एवढ्यावर अडलं, आणि अडलेलंच राहिलं.

"त्यांचा नंबर?"

"माझ्याकडे कुठला!"

२२ मार्च

नंबर सूनबाईकडे निघाला! तिचं आणि धाकट्याच्या सुनेचं दर आठवड्याला बोलणं. आम्ही दोघे रुसलेले, घरं कधीची बोलताहेत!

डॉक्टरीणबाईने फोन लावला, आवाज मोठा करून माझ्यासमोर धरला.

"आजोबा, तुमच्या दादांच्या पुढच्या दातांत फट होती का?"

पलीकडून, "कुठले दादा?" आणि फोन बंद.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही खिडकीबाहेर बघत राहिलो.

२५ मार्च

मोठ्या सरांनी पुन्हा विचारलं. तिने सांगितलं, "फोटो नाही. फट ठेवतेय." सर म्हणाले, "मग निस्तर." मी तोंड उघडं ठेवून सगळं ऐकलं. तोंड मिटता आलं असतं तर काहीतरी बोललो असतो.

८ एप्रिल

परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर, करड्या नजरेच्या. माझा ओठ वर करून बघितला.

"ही फट कशासाठी?"

"मॅडम, यांची होती."

"पुरावा?"

"नाही." तिने चष्मा वर ढकलला. "यांना बोलू द्या, मॅडम. फक्त ऐका."

मग मी कविता म्हटली! खुर्चीत आडवा, डोळ्यांवर दिवा, गळ्यात कागदी लाळेरं — सांज सावळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत. शेजारच्या खुर्चीवरचा घोरणारा पेशंट जागा झाला. बाईंनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं, हाताने झाकून.

पण शीळ तीच होती का? मला कसं कळणार! आपला आवाज आपल्याला कधी खरा ऐकू येत नाही.

१८ एप्रिल

पास! धावत आली सांगायला. "फटीचे गुण कापले, आजोबा!" आणि पुढे कवळ्यांचंच शिकणार म्हणे. मोठे सर म्हणाले, "मला माहीत होतं, तू तेच घेणार."

तिला विचारलं, "शीळ बरोबर आहे का गं?" म्हणाली, "मी आधीची कुठे ऐकलीय?"

खरंच की.

२१ एप्रिल

संध्याकाळ. घरात मी एकटाच. खिडकीशी बसून म्हणत होतो — साद घालते सांज सावळी. श्वास घ्यायला थांबलो, तर पुढची ओळ दाराबाहेरून आली! बोबडी, सगळे 'स' विझलेले.

दार उघडलं. धाकटा. हातात काठी, तोंडाचं पार बोळकं.

"दादा, चष्मा विसरलो. मजल्यावर चार दारं, कुठली पाटी वाचता येईना," म्हणाला. "परत निघालो होतो. तेवढ्यात शीळ ऐकली. वाटलं, आईच."