बारा मात्रांची शांतता

बोरीवली,
७ ऑक्टोबर १९८६

प्रिय नंदकिशोर,

सप्रेम नमस्कार. गुडघ्याला तेल लावतोस ना रे? प्रेमावहिनींनाही नमस्कार सांग. मी ठीक आहे, फक्त शनिवारपासून छातीत ड्रम वाजतो आहे.

कारण आमचा पुतण्या विद्याधर. नोकरी बँकेत, जीव गिटारात. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी बावीस मिनिटांचं एक गाणं रचलं आहे (हो, एकच, मला त्यात दोनदा डुलकी लागते). ते टेप करायला चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका ओळखीच्याचा गाळा शनिवारी मिळाला. पण शेजारच्या गाळ्यातलं पत्रे कापायचं मशीन फक्त एक ते दीड, जेवणापुरतं थांबतं. शिवाय जयवंत, म्हणजे त्यांचा ड्रमवाला, त्याच संध्याकाळी बदलीवर नागपूरला निघणार. थोडक्यात, संधी एकदाच. मला दाराशी राखणीला बसवलं. "काका, श्वास घ्या, पण हळू," जयवंतने बजावलं.

एक वाजून चार मिनिटांनी सुरू झालं. गाणं मला तोंडपाठ (महिनाभर तालीम आमच्याच घरी). विसाव्या मिनिटाला, शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी, विद्याधर थांबला. सगळेच थांबले. टेप फिरतेय, बाहेर कामगार डबे धुतायत, आणि हा डोळे मिटून उभा. ओळ विसरला, नंदकिशोर. चौथीत इन्स्पेक्टरसाहेबांपुढे कविता म्हणताना मी अस्साच उभा होतो, आणि मागच्या बाकावरून तू ओळ पुरवली होतीस. आठवतं? मला राहवलं नाही. शाळेतल्या चालीवर, खणखणीत सांगून टाकली: 'खाडीपल्याड दिवा कुणाचा, मला ओळखेल का.'

तो विसरला नव्हता. बारा मात्रांची ती शांतता गाण्यातच होती. (घरी नेमकी तिथे आमच्या सौ. सुलक्षणाच्या कुकरची शिट्टी व्हायची, मला कसं कळणार?) विद्याधरने डोळे उघडून माझ्याकडे कसं पाहिलं, ते मी सांगत नाही. पण गायला, शेवटपर्यंत. आणि दीडला मशीन धडाडलं.

"वाट लागली," एवढंच म्हणून त्याने टेप मागे घेतली. चौघांनी कान लावून ऐकली. दोनदा. मग जयवंत म्हणाला, "राहू दे यार. काकांचाच भाग झकास झालाय." विद्याधर अजून माझ्याशी मोजकंच बोलतो, पण ओळ पुसलेली नाही.

तुझा,
शरच्चंद्र

ता. क. दिवाळीत जयवंत येतो आहे. इथल्या सभागृहात हे गाणं लोकांसमोर व्हायचंय, आणि ती ओळ मीच म्हणायची असं ठरलंय. कालपासून मला ती आठवत नाही. वर लिहिली ती विद्याधरच्या वहीत बघून. तू ये. पहिल्या रांगेत बस.

ता. क. दुसरा: मी गप्प झालो की लगेच सांगू नकोस. बारा मोज. तेराव्यालाही गप्पच असलो, तर मात्र वाट बघू नकोस रे.