मधली हारिती

पहूर,
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
प्रज्ञाचा सविनय जयभीम.

तुमची आणि आईची तब्येत बरी असेल. मी इकडे मजेत आहे. फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. पत्र तिच्या हातात दिलंत, तर ती तुम्हालाच वाचायला लावेल.

आधी कामाची बातमी. हारिती धुळ्याला पोचली. लहानपणी शिंदखेड्याच्या ओट्यावर तुम्ही सांगायचात तीच, लोकांची पोरं पळवून खाणारी यक्षिणी. तिला स्वतःची पाचशे मुलं. बुद्धांनी त्यातलं धाकटं भिक्षापात्राखाली झाकून ठेवलं, तर ही वेड्यासारखी शोधत फिरली. एकासाठी तुझी ही गत, मग ज्यांचं एकच होतं त्यांचं काय, असं बुद्धांनी विचारलं तेव्हा भानावर आली, आणि पुढे सगळ्यांच्या पोरांची राखण करू लागली. धुळ्याच्या एका बालवाचनालयानं अंगणासाठी गोष्टीतलं काहीतरी करून मागितलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

कुंभाराच्या चाकाला हात लावला नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, आतून पोकळ ठेवत, छातीइतकी उंच केली. खांद्यावर, पाठीवर, पदरात पोरं लटकलेली, आणि ही वाकून जमीन धुंडाळते आहे. भिक्षापात्र मी तिच्या पाठीमागे, चार हात लांब ठेवलं. माझ्या शेडवर मदतीला येतात त्या लताबाईंनी एका पोराला शेंबूडसुद्धा काढला. भट्टीतून सगळं धड बाहेर आलं.

वाचनालयाचे अध्यक्ष प्रेमराज नाना बघायला आले.

"प्रज्ञाताई, ही शांत का नाही? मुलं घाबरतील."

"शांत ती शेवटी होते, नाना. मी मधली केली आहे."

"मग शेवटची करून द्या ना एखादी."

"ते जमणार नाही. महिनाभर अंगणात ठेवून बघा. मुलं घाबरली, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

परवा गेले होते. एक मुलगी हारितीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, "मागे बघ ना, वाडग्याखाली आहे!" बाकीची पोरं तिच्या पाठीवर चढायला रांगेत. नानांनी चहा पाजला. परत न्यायचा विषय काढला नाही.

इथपर्यंत लिहायला सोपं होतं.

आबा, मुलीचं ठरलं. जमना नाव तिचं. पाच वर्षांची आहे. संस्थेत जाऊन भेटून आले. पहिल्याच भेटीत माझी नखं बघून म्हणाली, "तू हात धूत नाहीस का?" धुते म्हटलं, तर तिला ते पटलं नाही.

मी दत्तक घेणार म्हणाले, तेव्हा उन्हाळ्यात तुम्ही एकच वाक्य बोललात. "दुसरानं लेकरू आपलं व्हत नही." आणि उठून बाहेर गेलात. त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाहीत. मी चाळिशीला आले, लग्न केलं नाही, तेही तुम्ही सोसलंत. हे सोसवलं नाही. रक्ताचा विचार तुमच्या तोंडून ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, माणूस जन्मावरून मोजायचा नाही.

माझ्या माघारी जमनाची जबाबदारी, भाऊ म्हणून, आकाशनं घेतली आहे. तो लगेच हो म्हणाला, नरडाण्याहून सुट्टी काढून सही करायला आला. पण घरातल्या मोठ्यांचं मन कसं आहे, हे संस्थेच्या ताई स्वतः बघतात. नाजमीनताई त्यांचं नाव. पुढच्या आठवड्यात त्या शिंदखेड्याला तुमच्याकडे येतील.

तुमच्या मनात असेल तेच त्यांना सांगा. माझ्यासाठी खोटं बोलू नका. तुम्ही नाही म्हणालात, तर काम लांबेल. मी थांबणार नाही.

आईला सांगा, हिवाळ्यात गुडघ्याला शेक घेत जा.

तुमचाच हट्टी स्वभाव घेतलेली,
प्रज्ञा


पहूर,
२८ नोव्हेंबर २०२४

आबा,

नाजमीनताईंचा फोन येऊन गेला. त्या येऊन बसल्या, तुम्ही नाव विचारलंत, आणि नाव ऐकून म्हणे पुष्कळ वेळ त्यांच्याकडे बघत राहिलात. मग त्यांना जे सांगितलंत, ते मला चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतंत.

तुम्ही जन्मलात आणि आजी तापानं अंथरुणाला खिळली. शेजारच्या सुगराबींनी त्यांच्या नूर महंमदबरोबर तुम्हालाही अंगावर पाजलं. चालायला, बोलायला तुम्ही त्यांच्याच घरात शिकलात. आजी उठून हिंडूफिरू लागली, तेव्हा तुम्हाला परत आणलं. दोन घरांत एक भिंत, तरी सुगराबी दारात बसून रडायच्या आणि इकडे तुम्ही. "दोन्ही माय चांगल्या व्हत्यात. पन ती माय मन्हामुळे गयी," असं म्हणालात. नंतर त्या फार दिवस जगल्या नाहीत, हेही तुम्ही सांगितलंत.

नूर महंमदचाचा दर ईदेला शिरखुर्मा घेऊन येतात. मी त्यांना तुमचे दोस्त समजत आले. ते तुमचे दूधभाऊ आहेत.

उन्हाळ्यातलं तुमचं वाक्य मी चुकीचं ऐकलं. तुम्ही रक्ताचं बोलत नव्हतात. सुगराबींचं जे झालं ते माझं होईल, याची तुम्हाला धास्ती होती.

तुम्ही हो किंवा नाही म्हणालातच नाही, असं नाजमीनताई सांगत होत्या. उलट त्यांनाच विचारलंत, "पोरले वापस तं नही ना लई जाशात?" त्या म्हणाल्या, "नाही बाबा. हुकूम झाला, की ती कायमची तुमच्या घरची." तुम्ही पुन्हा तेच विचारलंत. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग तुम्ही आईला चहा ठेवायला सांगितलात.

नाजमीनताईंनी तोच होकार म्हणून लिहून घेतला.

हुकूम होईपर्यंत सांभाळायला म्हणून जमना रविवारी घरी येते. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघी तुमच्याकडे. सुगराबींची गोष्ट पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका. पुढचं मातीचं काम मला तेच करायचं आहे. जमना मध्ये मध्ये प्रश्न विचारेल, रागावू नका. नूर महंमदचाचांनाही बोलावून ठेवा. तुम्ही जिथे अडाल तिथे ते सांगतील.

हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे,
जमनाची आई,
प्रज्ञा