मामाचे घर मामाच्या मुलास

मी मोनप्प शेट्टी, वय त्र्याऐंशी, राहणार कुंजाडी, तालुका कार्कळ, धंदा सुपारीची बाग. कान मंद झाले आहेत, डोके नाही. कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. २००९ सालचे मृत्युपत्र रद्द समजावे, ते रागात लिहिले होते. पत्नी सुमती निवर्तली. अपत्य नाही.

१. पूर्वेकडील बाग व बँकेतील ठेवी बहिणीचा मुलगा सुकेश यास द्याव्यात. तो बाग विकणार हे मला ठाऊक आहे. विकण्यापूर्वी एका पावसाळ्यात फवारणी त्याने स्वतः उभे राहून करून घ्यावी, एवढीच विनंती.

२. कोयते, सोलायचे विळे व लांब शिडी बाबू गड्यास द्यावी. शिडी शेजारच्या नारायणाकडे आहे. ती स्वतःचीच असल्याची शपथ तो घेईल. त्याला घेऊ द्यावी आणि शिडी आणावी.

३. राहते घर व पश्चिमेची बाग मामांचा मुलगा कांतप्पा यास मिळावी.

यावर सुकेश म्हणाला, "मामा, सत्तर वर्षं झाली त्याला! आता कशाला उकरून काढता?"

म्हणून लिहितो. आमच्यात तेव्हा मामाचे घर भाच्याकडे जाई, मुलाकडे नाही. १९५४ साली मामा गेले. मी तेरा वर्षांचा होतो, कांतप्पा माझ्याच वयाचा. आम्ही एका चटईवर झोपायचो, एका ताटात पेज प्यायचो, ओढ्यात खेकडे धरायचो. तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. उत्तरकार्याच्या दुसऱ्या दिवशी मामी भात शिजवत होती. मोठी माणसे तिला म्हणाली, "आता निघा. उन्हं चढायच्या आत माहेरी पोचाल." भात चुलीवरच राहिला. आईने किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला खोचला. कांतप्पाने विचारले, "मोण्या, दिवाळीला येऊ ना रे?" मी किल्ल्या मोजत होतो. मला तो जुडगा फार आवडला होता. याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात मूडबिद्रीला जाऊन मी कांतप्पाला या कागदाचा मसुदा वाचून दाखवला. सुपारी कातरत त्याने ऐकून घेतले.

"मेल्यावर देणार होय? मग तुझं तोंड कुठं बघू मी? आधी जेवायला बोलाव की."

"येशील?"

"कोंबडीचा रस्सा घालून कोरी रोट्टी केलीस तर येईन. आणि कोंबडी गावठी हवी, सांगून ठेवतो."

४. अग्नी सुकेशने द्यावा, तो त्याचा मान आहे. उत्तरकार्याला कांतप्पाच्या माणसांना अगत्याने बोलवावे, व ती आपणहून उठेपर्यंत कोणी निघण्याची गोष्ट काढू नये.

५. आज कांतप्पा आला. तीन रोट्ट्या खाल्ल्या, रश्शात मीठ कमी म्हणाला. हात धुऊन, कोणाला न विचारता, मामांच्या खोलीत जाऊन आडवा झाला. अजून झोपला आहे. वकील घाईत आहेत, तरी मी कोणाला त्याला उठवू दिलेले नाही. हा कागद आम्ही पडवीत बसून, हळू आवाजात वाचून, सह्या केल्या.

लिहून देणार: मोनप्प शेट्टी (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. वादिराज उपाध्याय (सही)
२. लिली डिमेलो, निवृत्त शिक्षिका (सही)

कुंजाडी, रविवार, १७ नोव्हेंबर २०२४