न कळल्याचं सोंग

८ जानेवारी २००२, मंगळवार

मला म्हणे जास्त कळतं. हा माझा गुन्हा!

आज स्वारगेटच्या स्पीच थेरपी सेंटरवर राजनंदिनी मॅडमनी — मॅडम कसल्या, पंचविशीची पोरगी — मला समोर बसवून सांगितलं, 'आजी, नातीने नुसती भुवई उचलली की तुम्ही ग्लास घेऊन हजर. ती बोलेल कशाला?' म्हटलं, अहो, बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलीत. नुसत्या खरखरीतून माणसाचं नाव-गाव ओळखायचे मी. नातीचं नाही ओळखणार? तर हसली. 'आता ओळखू नका,' म्हणाली.

माझी नात मैत्री सव्वातीन वर्षांची. चालायला उशिरा लागली, बोलायचं तर अजून नाव नाही. कान तपासून झाले, उत्तम आहेत. डॉक्टर म्हणतात वाढ मागे आहे, थेरपीने फरक पडेल. प्रज्ञेश आणि सूनबाई दोघंही कंप्युटरच्या कंपनीत, सकाळी आठला घराबाहेर. पोरगी दिवसभर माझ्याकडे. आणि जूनमध्ये बालवाडी! तिथल्या बाईंनी स्वच्छ सांगितलंय — पाणी आणि शू, एवढं तरी तोंडाने सांगता आलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

निघताना विचारलंच, मी बिघडवलं का हिला? 'नाही हो आजी. असं तुमच्यामुळे झालेलं नाही. पण मदत तुमचीच लागेल.' गृहपाठ दिलाय. मैत्रीने खूण केली की न कळल्यासारखं 'काय?' म्हणायचं. मनात दहा आकडे मोजायचे. मग शब्द उच्चारून वस्तू द्यायची.

एकसष्टाव्या वर्षी बावळटपणा शिकायचा.

९ जानेवारी

दहा कुठले. तीनलाच ग्लास दिला.

१७ जानेवारी

आज जमलं. जमलं म्हणजे काय — तिने पाण्याच्या माठाकडे बोट केलं, मी 'काय?' म्हटलं. तिने परत बोट केलं. मी परत 'काय गं?' तिने माझ्याकडे असं बघितलं ना! ही आपली आजी नव्हेच, असं. मग ग्लास भिरकावला आणि जमिनीवर लोळण घेतली. दहा मोजून 'पाणी' म्हटलं, पाणी दिलं. प्यायली नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आमचे हे दारात येऊन म्हणाले, 'मला चहा हवाय. तोंडाने सांगतोय, म्हटलं उगाच परीक्षा नको.' चहा दिला. पण हसू आलं नाही.

२ फेब्रुवारी

हल्ली माझ्याकडे येतच नाही. काही हवं असलं की आजोबांकडे. मांडीवर बसायची, तेही बंद. ह्यांना पकडलं आज, बिस्किटं देताना. 'न मागता का देता?' तर म्हणे, 'तुझं सोंग आहे. मला खरंच कळत नाही, मी अंदाजाने देतो.'

शांताबाई शेजारच्या म्हणाल्या, लेकराला कशाला छळता? मलाही तेच वाटत होतं.

११ फेब्रुवारी

राजनंदिनीला म्हटलं, मी सोडते हे. ती म्हणाली, आणखी पंधरा दिवस. आणखी पंधरा दिवस तर पंधरा दिवस.

५ मार्च

'पा.'

माठापाशी उभं राहून, माझ्या साडीला धरून — 'पा.' मी मोजत होते, सहावर होते. ग्लास भरताना अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. प्रज्ञेशला ऑफिसात फोन केला. 'परत सांग,' म्हणाला तो.

७ मार्च

राजनंदिनी खूश. पण लगेच म्हणाली, 'घरच्यांना कळलं, छान. आता परक्या माणसाला कळायला हवं. शाळेत तुम्ही नसणार.' बरोबर आहे तिचं. राग आला तरी बरोबर आहे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी वंदना, मग दिवसभर घर माणसांनी भरलेलं. मी खिरीच्या पातेल्यापाशी. लोणी काळभोरहून ह्यांचे जुने मित्र बाबुराव आले होते, मैत्रीला पहिल्यांदाच बघत होते. त्यांना हिच्याबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आणि बाहेरून त्यांचा आवाज — 'अवो वहिनी, नात पाणी मागती हाय, द्या की तिला!'

पळत बाहेर आले. मैत्री त्यांच्या गुडघ्याला हात लावून उभी. मी त्यांना विचारलं, कशावरून? 'कशावरून म्हंजे? पा म्हणली की.'

सूनबाई — दीपमाला — सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. मी आज खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२२ एप्रिल

'शू' सांगते. चारात एकदा. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, जूनमध्ये आणा, बघूया. त्या 'बघूया'वर मी खूश आहे.

मांडीवर मात्र अजून येत नाही.

२९ एप्रिल

दुपारी हाक मारली, 'मैत्री, दूध प्यायला ये.' दूध तिला आवडत नाही. ठोकळे ठेवून तिने वर बघितलं. मान तिरकी केली, कपाळाला आठ्या घातल्या — हुबेहूब मी — आणि स्वच्छ म्हणाली, 'काय?'

म्हटलं, दूध. 'काय?' परत म्हटलं. परत 'काय?' आणि ओठ दाबून हसायला लागली.

लबाड कुठली! म्हणजे सोंग आहे हे हिला ठाऊक होतं. मी मात्र तीन महिने रडतेय. शेजारी खाली बसले तर सरकत सरकत मांडीवर आली. दूध मीच पिऊन टाकलं.