वन्संचे तीन तारे

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा नमस्कार.

त्या दिवशी सकाळी मी चादर पिळत होते. एकटीनं मोठी चादर पिळायची म्हणजे एक टोक नळाला गुंडाळायचं आणि दुसरं टोक धरून आपण पीळ देत जायचं. पूर्वी नळाच्या जागी तुमचा भाऊ असायचा. (नळ बरा. मध्येच सोडून बातम्या ऐकायला जात नाही.) दूध तापवून झालं होतं, केर काढून झाला होता, आणि तेवढ्यात तुमची भाची चपलांसकट आत आली, माझ्या ओल्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "वाच. आत्यानं काय केलंय बघ." चपलांसकट आली म्हटल्यावर मला वाटलं, तुम्हालाच काही झालं. तेव्हा आधी तेच विचारते. तब्येत कशी आहे? डोळ्यात औषध घालायला कुणी येतं का, की अजून आरशात बघून स्वतःच घालता आणि निम्मं गालावर जातं? माझं ठीक चाललं आहे. वाचते, झोपते, पुन्हा वाचते.

आता झालं काय ते सांगते, म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं. तुमच्या भाचीच्या डान्स क्लासची मुलं कमी होत चालली आहेत. हॉलचे मालक तिला म्हणाले की हा हंगाम बघू, क्लास भरला तर ठीक, नाहीतर एक फर्निचरवाला जागा मागतोय. मुलं का येत नाहीत, तर म्हणे आपण फोनवर दिसत नाही. मी म्हटलं, अगं, रस्त्यावरून तर दिसतो, एवढी मोठी पाटी आहे. त्यावर ती म्हणाली, हल्ली लोक पाटी बघत नाहीत, फोनला विचारतात, 'माझ्या जवळ डान्स क्लास कुठे?' मग एक दिवस मीच क्लासच्या हॉलमध्ये, अगदी मधोमध उभं राहून फोनला हे विचारलं. त्यानं मला पुलापलीकडचा एक क्लास दाखवला, मग एक व्यायामशाळा दाखवली, आणि मग लग्नात कपडे भाड्यानं देणारं एक दुकान. मी दोन पावलं सरकून पुन्हा विचारलं. तरी तेच. माणूस जिथे उभा आहे तीच जागा त्याला जवळची वाटत नसेल तर जवळ म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. तुम्ही भूगोल शिकवलात.

जावईबापूंनी एक माहितगार आणला. (त्याला आम्ही दाढीवाला म्हणतो. त्यानं आपलं नाव सांगितलं होतं, पण बोलणं इतकं भरभर की ते निसटलं.) त्यानं सांगितलं, पत्ता नीट भरा, वेळा भरा, फोटो टाका, आणि मुख्य म्हणजे लोकांना तारे द्यायला सांगा, खाली चार शब्द लिहायला सांगा. आता लोक म्हणजे कोण? आपलेच. आम्ही सगळे धाकट्या मावशीकडे जेवायला जमलो होतो, तिथेच हात पुसून सगळ्यांनी फोन काढले. मामांनी लिहिलं, या क्लासमुळे माझे गुडघे बरे झाले. (मामा क्लासचा जिना आजवर चढलेले नाहीत, गुडघ्यांमुळेच.) विहीणबाईंनी पाच तारे देऊन लिहिलं की मुलगी गुणी आहे, घरात लक्ष थोडं कमी. मावशीच्या यजमानांचं बोट चुकलं आणि त्यांनी 'मुलांची छान प्रगती' हे क्लासच्या खालच्या टायरवाल्याला लिहिलं. टायरवाला भेटला की अजून त्यांना हात जोडतो.

दोन दिवसांनी बघतो तर सगळं गायब. दाढीवाला म्हणाला, एकाच घरातून, एकाच दुपारी, एकाच इंटरनेटवरून सगळ्यांनी कौतुक केलं, ते यंत्राला खोटं वाटलं. मी म्हटलं, घरच्यांनी एकत्र बसून कौतुक केलं ते खोटं, आणि अनोळख्यांनी लांबून केलं ते खरं? तो म्हणाला, हो काकू, तसंच. यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. राहिलं ते फक्त तुमचं, कारण तुम्ही इतक्या लांब राहता. आणि तुम्ही दिले तीन तारे. खाली लिहिलंत: "शिक्षिका वेळेवर येते. जिना अरुंद आहे. जमीन लाकडी असून माझ्या धाकट्या भावाने घातली आहे, ती करकरत नाही. नृत्यातले मला कळत नाही."

भाची भडकली. मी तिला समजावलं की आत्यानं शाळेत कधी कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, आमच्या लग्नातल्या जेवणालाही त्यांनी 'बरं आहे' म्हटलं होतं, तीन म्हणजे त्यांच्या हिशेबानं डोक्यावरून पाणी. ती म्हणाली, "आई, हे तू जगाला समजावत बसणार आहेस का? आत्याला पत्र लिही, पाच करायला सांग." तेव्हा मी हे पत्र लिहायला बसले ते तारे वाढवा म्हणून सांगायला. इथपर्यंत लिहून झालं होतं.

मग परवा क्लासमध्ये एक बाई आल्या, सोबत मुलगी. मी बाकावर बसले होते. बाईंनी ना फी विचारली, ना भाचीकडे पाहिलं. त्या खाली वाकल्या आणि तळहातानं जमीन दाबून बघायला लागल्या. मुलगी पुलापलीकडच्या क्लासला जायची, तिथे खाली फरशी, रोज पाय दुखतात म्हणून रडायची. भाचीनं विचारलं, आमचं कुठे पाहिलंत? बाई म्हणाल्या, "फोनवर. बाकी ठिकाणी सगळं उत्तम, अप्रतिम, वा वा. इथे कुणीतरी जिना अरुंद आहे म्हणून लिहिलंय. म्हटलं, हे माणूस खोटं बोलत नाही, तर जमिनीचंही खरं असेल." मुलीनं चप्पल काढून दोन उड्या मारल्या आणि आईकडे बघून हसली. दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या जावेची दोन मुलं आली. आता भाची म्हणते, आत्याला लिही, एका शब्दाला हात लावू नका. मला आता काहीच कळेनासं झालंय, पण लिहिते आहे: हात लावू नका.

कळावे, लोभ आहेच. डोळ्यांना जपा.

तुमची,
धाकटी

ता. क. दाढीवाला म्हणतो, जिन्याचा एक फोटोही टाका. भाची तयार नाही. तुमचं काय मत?

आणखी ता. क. तारे आणि जिना सोडा, खरं विचारायचं होतं ते हे. तीन मुलांनी क्लास भरत नाही. हंगाम संपायला आला. भाची तरुण आहे, दुसरी जागा शोधेल, तिथे फरशी असली तरी शिकवेल. फर्निचरवाल्याला ती जमीन नको आहे, तो उखडून टाकणार असं मालकच म्हणाले. ह्यांनी ती एकेक फळी बसवली तेव्हा मी डबा घेऊन जायचे, आणि रंधा थांबेपर्यंत दारातच उभी राहायचे, कारण हाक मारलेली ह्यांना आवडायची नाही. माझ्या घरात दोन खोल्या. तुमची मागची खोली रिकामी असते. फळ्या आडव्या रचल्या तर भिंतीलगत मावतील, ओल लागू नये म्हणून खाली विटा घालाव्या लागतील. ठेवाल का? भाचीला मी हे बोललेले नाही.

शेवटचं. काल पत्र टाकायचं राहिलं, म्हणून आज दुपारी जाताना बरोबर घेतलं. क्लास उघडायच्या आधी ह्यांचा पेचकस घेऊन वर गेले आणि खिडकीजवळची एक फळी सोडवून पाहिली. स्क्रू सगळे नीट निघाले, फळी न मोडता हातात आली. मग ती परत बसवली, कारण मुलं जिना चढत होती.