पाचव्या तळघरातलं वांगं

९ एप्रिल १९९५, रविवार. जळगाव
कुरडया झाल्या. दोन खाटा भरल्या. गव्हाचा चीक बरा जमला. सून सुमन चुलीपाशी, मी खाटेपाशी, आणि नात भुयारात.
भुयार म्हणजे वैशूने स्वतःच्या पगारातून आणलेला टीव्हीचा खेळ. बावीस वर्षांची घोडी, टायपिंगच्या क्लासात शिकवते. लोकांच्या मुली पहिल्या पगारात आईला साडी आणतात, हिने राक्षस आणले. ही वहीही तीच लिहिते. मी दहा वाक्यं बोलते, ही चार उतरवते. उरलेली सहा कुठे जातात, मला अक्षर येत नाही म्हणून तपासायची सोय नाही.
(सगळी लिहिते. — वै.)
बघा.

१० एप्रिल
दुपारी ऊन फार. कूलरमध्ये पाणी ओतलं आणि मीही खेळ बघत बसले.
चार माणसं आहेत. कुऱ्हाडवाला पैलवान, तिरंदाज, दाढीवाला बुवा आणि ढालवाली बाई. दोघांनी एकेक घ्यायचा आणि तळघरं उतरायची. एकाखाली एक तळघर, बांधणाऱ्याला दुसरा धंदा नसावा. भुतं अंगावर येतात. ज्याचा त्याचा जीव वर लाल पट्टीत दिसतो. मार बसला की पट्टी आखूड होते. नुसतं उभं राहिलं तरी होते. हे मात्र बनवणाऱ्याने खरं केलंय.
जागोजागी खायला ठेवलेलं असतं. खाल्लं की पट्टी वाढते. वैशू म्हणाली, "आजी, ती कोंबडीची तंगडी आहे."
म्हटलं, माझ्या गळ्यात माळ आहे, घरात कोंबडी चालायची नाही. नीट बघ. देठ आहे, खाली फुगीर आहे, भाजून काळपट झालंय. भरताचं वांगं आहे ते.
"एप्रिलमध्ये भरीत?"
"तळघरात थंडीच असते."
आता घरात सगळे वांगंच म्हणतात. भास्करसुद्धा.

११ एप्रिल
भा. (म्हणजे भास्कर, माझा मुलगा, वैशूचा बाप, ही त्याला एवढ्यातच आटपते) संध्याकाळी खेळला. तो पैलवान, वैशू बाई. पाचव्या तळघरात एकच वांगं आहे. जो खाईल तो सहाव्यात जातो, दुसरा तिथेच पडतो. आणि सहाव्यात एकट्याचा टिकाव लागत नाही. त्यामुळे सातवं या घरात अजून कोणी पाहिलेलं नाही.
भास्करने वांगं खाल्लं. त्याची पट्टी चांगली लांब होती तरी. बाई पडली.
म्हटलं, "अरे, तिला गरज होती."
"माय, समोर दिसलं, खाल्लं."
त्याला काय बोलणार. त्याच्या समोर चाळीस वर्षं मीच मांडत आले.

१३ एप्रिल
मला बुवा दिला. दाढीवरून निवडला असेल. भिंतीत चालवते. हातातून ठिणग्या उडतात त्या भलतीकडेच.
रात्रीच्या भाकरीआधी भा. म्हणाला, धुळ्याचे लोक रविवारी येतायत, वैशूला बघायला. मुलगा मुकुंद. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की तारा गुंडाळून परत चालू करून देतो. स्वतःचं दुकान. आई आहे, वडील नाहीत.
"शेवटचा शब्द तुझा, माय. तू म्हणशील तसं."
"माझाच का?"
"तुला माणसं कळतात."
पिठाचा हात तसाच राहिला. लीलाच्या वेळीही शब्द माझाच होता. माझी लेक, शिरपूरला दिलेली. तेव्हा मी बघून आले ते काय, तर घर. माळवद, गोठा, कापसाने भरलेली खोली. माणूस समोर चहा पीत बसला होता, त्याच्याकडे बघायचं राहून गेलं. मारत नाहीत तिला, ओरडत नाहीत. तिच्या ताटात काय पडलं, हे मात्र वीस वर्षांत कोणी विचारलेलं नाही.
या खेपेला माणूस बघायचा. पण पोह्यांच्या बशीवर माणूस दिसतो कुठे? सगळेच खाली बघून खातात.
(आजी, हे लिहायचं?)
लिही. मी खोडू शकत नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

१६ एप्रिल, रविवार
आले. मुलगा उंच, मनगटं जाड, बोटं तारांनी कापलेली. आई बोलकी. "आमना पोऱ्या साधा शे, आजी."
म्हटलं, साधे सगळेच असतात, बघायला जातात तेव्हा.
हसली. बाई चांगली आहे.
पोहे झाले, चहा झाला. भा. हवामानावर बोलून दमला. मग मी म्हटलं, "वैशू, टीव्ही लाव. पाहुण्यांना भुयार दाखव." सुमनच्या हातातून चमचा पडला. भास्करचं तोंड बघण्यासारखं होतं. धुळ्याची बाई म्हणाली, "हाई काय शे?" आणि पुढे सरकून बसली.
मुकुंदने पैलवान घेतला, वैशूने बाई. कुठलं बटण कशाचं एवढं तिने सांगितलं, त्याच्याकडे न बघता. हात चांगला आहे त्याचा, मोटारींमुळे असेल. पाचव्यात उतरले तेव्हा दोघांच्या पट्ट्या नखाएवढ्या. मधोमध वांगं.
मी श्वास धरून बसले होते, हे कोणाला कळलं नसेल.
पैलवान वांग्याला वळसा घालून गेला. सरळ भुतांत गेला आणि पडला. बाईने खाल्लं.

१७ एप्रिल
भास्करला सांगितलं, माझा होकार आहे. परवा पत्र टाक.
तो म्हणाला, "एवढ्या लवकर?"
म्हटलं, तुला बारा वर्षं लागली असती.
वैशू आज गप्प लिहिते आहे. टोमणा मारला तरी कंसात काही येत नाही.

१९ एप्रिल
आज कळलं.
मी सहज म्हटलं, वांगं सोडून देणारा पुरुष मी आजवर पाहिला नव्हता. वैशूची मान खाली. पापडाच्या लाट्या उगाच मोजायला लागली.
"आजी, त्यांना माहीत नव्हतं."
"काय?"
"ते खायचं असतं हे. जाताना ओट्यावर चप्पल घालताना मला विचारलं, त्या काळ्या वस्तूला हात लावला की माणूस मरतो ना? मी कुठे सांगितलं होतं? बटणंच सांगितली. वरची वांगी ते चुकवतच आले, आणि मी खाल्लं तर सहाव्यात लगेच पडले."
तीन दिवस पोटात ठेवलं हिने. परवा माझ्या तोंडून होकार ऐकला, लिहिला, आणि अक्षरही बोलली नाही. म्हणजे मुलगा हिला आवडलेला दिसतो.
(असं काही नाही.)
मग भास्करला ओरडून सांग, पत्र टाकू नको म्हणून.
(सांगितलं. टाकलं नव्हतं. तिकीट आणायचं राहिलं होतं.)
माझ्या पोटचा भास्कर. त्याच्या आळसाचा पहिल्यांदा उपयोग झाला.

२३ एप्रिल, रविवार
मुकुंद एकटाच आला. तांब्याची तार घ्यायला जळगावला आलो होतो म्हणे. रविवारी तारेचं दुकान उघडं असतं का, हे मी विचारलं नाही. भा. आत येऊन माझ्या कानाशी, "माय, ठरण्याआधी मुलगा असा एकटा? लोक काय म्हणतील?"
"म्हणतील, तार घ्यायला आला."
पुन्हा खेळायला बसवलं. या खेपेला मी स्वतः सांगितलं, "ते वांगं आहे. खाल्लं की जीव वाढतो." तो म्हणाला, "अरे, मग मागच्या वेळी मी फुकटच मेलो." सुमन दाराआड हसली.
पाचवं तळघर. त्याची पट्टी अर्धी. वैशूची संपत आलेली. दोघं वांग्यापाशी थांबले.
त्याने विचारलं, "कोण घेणार?"
वैशू म्हणाली, "घ्या तुम्ही."
त्याने एकदा तिच्या पट्टीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग घेतलं. बाई दोन पावलं चालली आणि पडली.
त्याला मी काय म्हणू? त्याने विचारलं. घ्या म्हटल्यावर घेतलं. मी सबंध वेळ त्याच्याकडे डोळे लावून बसले होते, आणि नापास झाली ती माझी नात.
तो गेल्यावर विचारलं, "तू का नाही घेतलंस?"
"सवयीने."
"कोणी लावली सवय?"
नुसतं बघितलं माझ्याकडे.

२८ एप्रिल
पाच दिवस वही बंद. ही रागावली होती. माझ्यावर का, हे तिलाही सांगता येत नव्हतं, म्हणून राग जास्त. आज आपण होऊन पेन घेऊन बसली.
मधल्या दिवसांत मी एक करून बघितलं. दुपारी सुमनला म्हटलं, आधी तू बस, मी वाढते. ती बसली. एकदा मीठ आणायला उठली, एकदा पाण्याला, एकदा काही नसताना. शेवटी म्हणाली, "सासूबाई, घास उतरत नाही. तुम्ही बसा, मग मी." पंचवीस वर्षं झाली तिला या घरात येऊन. आली त्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं, आपलं मागून.
भास्करला सांगितलं, मी शब्द देणार नाही. होही नाही, नाहीही नाही.
"मग कोण देणार?"
"जिला नांदायचं ती."
"म्हणजे वैशूला विचारायचं?"
"तुझ्याच घरात राहते. फार लांब जावं लागणार नाही."
धुळ्याला निरोप गेला. मुकुंद आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दुपारी येईल, उत्तर तोंडी घेऊन जाईल.
वैशू विचारते, मी काय सांगू? म्हटलं, मला माहीत असतं तर मीच नसतं सांगितलं?

१ मे
लीला आली शिरपूरहून. तीन वर्षांनी आखाजीला माहेर मिळालं. कडुनिंबाला झोका बांधला. वाळली आहे. आल्या आल्या परातीपाशी बसून सांजोऱ्या लाटायला लागली. हे तिचं माहेरपण.
जेवायला हाक मारली. "होऊ दे सगळ्यांचं, माय." मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय झालं?" काही नाही म्हटलं.
दुपारी वैशूचं सगळं तिला सांगितलं. वांग्यासकट. खूप हसली, डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाली, "माय, मला तेव्हा विचारलं असतंस, तरी मी होच म्हटलं असतं. नाही म्हणता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं."
वैशू तिथेच बसली होती.

२ मे, आखाजी
सकाळी घागर भरून पूजा केली. पितरांना आंबरस. भा. ओसरीवर पत्ते कुटतोय, आजच्या दिवशी त्याला कोणी काही म्हणत नाही. लीला झोक्यावर आहे. मीच ढकलून पाठवली.
वैशू सकाळपासून नवी साडी नेसून घरभर फिरते आहे. काय सांगणार ते सांगत नाही. शेवटी मी म्हटलं, चल, खेळू. तिने बाई घेतली, मला बुवा. बुवा आता भिंतीत जात नाही, तीन आठवड्यांत शिकला. पहिली चार तळघरं उतरलो. पाचव्यात दोघींच्या पट्ट्या आखूड, तिची माझ्याहून आखूड. मधोमध वांगं.
मी थांबले. तीही थांबली.
"आजी, घे ना."
"मी नाही घेणार."
"तू मरशील."
"मी म्हातारी आहे, माझं चालतं. तुझी पट्टी बघ."
"आपण दोघी मरू."
"मरू."
पट्ट्या उतरत होत्या. तिने थांबायचं बटण दाबलं. पडदा गोठला. वांग्याच्या अलीकडे बाई, पलीकडे बुवा.
तेव्हापासून तसंच आहे. ती म्हणाली, आधी वही लिहू, म्हणून हे सांगते आहे. म्हणजे पुढे ढकलते आहे, मला कळत नाही का.
सुमनने आत्ता येऊन सांगितलं, साडेतीन झाले. धुळ्याची गाडी चारला लागते.
मी माझा रिमोट खाली ठेवला आहे. थांबलेला खेळ मी सुरू करणार नाही, वांग्याला मी हात लावणार नाही, आणि दारात तो आला की त्याच्याशीही मी बोलणार नाही. तिचा रिमोट तिच्या मांडीवर आहे. हातात पेन. दोन्ही एकदम धरता येत नाही.
वैशू, लिहिणं पुरे. पेन ठेव आणि